तिसरा उमेदवार आणि मतांची फाटाफूट



निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पराभूत पक्षाच्या कार्यालयात एक बेरीज मांडली जाते. आपल्या उमेदवाराची मते घ्यायची, त्यात तिसऱ्याने ‘खाल्लेली’ मते मिळवायची आणि येणारा आकडा विजयी उमेदवाराच्या मतांपुढे ठेवायचा. बेरीज बहुधा जुळते आणि निष्कर्षही तयार असतो : आपण हरलो नाही, मतविभागणीने आपल्याला हरवले. ही बेरीज कितपत खरी असते, हा आजच्या विषयाचा पहिला भाग आहे. ती खरी ठरली तर तिची जबाबदारी कोणावर येते, हा दुसरा.

या दोन्ही प्रश्नांच्या अभ्यासासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारचे दोन विधानसभा मतदारसंघ फार उपयोगी आहेत. मतदारसंघांच्या यादीत त्यांचे क्रमांकही लागोपाठचे, १९५ आणि १९६. दोन्हींच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी गावे, पूर्वेला कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर उभी राहिलेली उसाची, कांद्याची आणि टोमॅटोची शेती. जुन्नरला विघ्नहर साखर कारखाना, आंबेगावला भीमाशंकर. दोन्ही मतदारसंघ शिरूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. इतके साम्य असूनही त्यांचा राजकीय स्वभाव मात्र भिन्न आहे. आंबेगावने १९९० पासून २०२४ पर्यंत सलग आठ वेळा दिलीप वळसे पाटील यांनाच विधानसभेत पाठवले. जुन्नरने २०१४ पासून प्रत्येक निवडणुकीत आमदार बदलला.

जुन्नरचे तीन निकाल

सप्टेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्रातील दोन्ही प्रमुख आघाड्या एकाच सुमारास फुटल्या. भाजप आणि शिवसेना वेगळे झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीही वेगळे झाले. त्या बहुरंगी लढतीत जुन्नरमधून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे सुमारे १७ हजारांच्या फरकाने निवडून आले. शिवसेनेच्या आशा बुचके दुसऱ्या स्थानी राहिल्या. २८८ जणांच्या त्या विधानसभेत मनसेचा हा एकच आमदार होता. राज्यभर ज्या पक्षाला ‘मते खाणारा’ म्हणून ओळखले जात होते, तो पक्ष जुन्नरमध्ये पहिल्या क्रमांकावर आला.

२०१९ मध्ये सोनवणे शिवसेनेत आले आणि महायुतीचे उमेदवार झाले. ज्या बुचके यांनी शिवसेनेसाठी आधी निवडणुका लढवल्या होत्या, त्या पक्षाबाहेर पडून अपक्ष उभ्या राहिल्या. निकाल असा लागला : राष्ट्रवादीचे अतुल बेनके ७४,९५८, सोनवणे ६५,८९०, बुचके ५०,०४१. बेनके ९,०६८ मतांनी विजयी झाले. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ या म्हणीचे उदाहरण म्हणून हा निकाल सांगितला जातो.

२०२४ मध्ये चित्र पुन्हा पालटले. महायुतीची जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादीकडे गेली आणि विद्यमान आमदार बेनके तिचे उमेदवार झाले. शिंदे यांच्या शिवसेनेत असलेल्या सोनवणे यांनी बंडखोरी केली. मधल्या काळात भाजपमध्ये आलेल्या बुचके यांनीही बंडखोरी केली. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीकडून विघ्नहर कारखान्याचे अध्यक्ष सत्यशील शेरकर उभे राहिले आणि वंचित बहुजन आघाडीने पश्चिम भागातील आदिवासी नेते देवराम लांडे यांना उमेदवारी दिली. निकालात सोनवणे यांना ७३,३५५, शेरकर यांना ६६,६९१, बेनके यांना ४८,१००, लांडे यांना २२,४०१ आणि बुचके यांना ९,४३५ मते मिळाली. अपक्ष सोनवणे ६,६६४ मतांनी निवडून आले. त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात जे दोन अपक्ष विजयी झाले, त्यांपैकी ते एक.

आता २०१९ आणि २०२४ हे निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २०१९ मध्ये महायुतीच्या विचाराचे मानले गेलेले मत दोन जागी वाटले गेले आणि ती बाजू हरली. २०२४ मध्ये तेच मत तीन जागी वाटले गेले. सोनवणे, बेनके आणि बुचके यांची बेरीज १,३०,८९० होते. म्हणजे फाटाफूट अधिक झाली, तरी तिचा लाभ समोरच्या उमेदवाराला झाला नाही. याचे कारण वाटणीच्या प्रमाणात आहे. २०१९ मध्ये दोन्ही तुकडे जवळपास तुल्यबळ होते, ६५ हजार आणि ५० हजार. २०२४ मध्ये मतदारांनी तिघांपैकी एकाला स्पष्टपणे पुढे काढले आणि अधिकृत उमेदवार तिसऱ्या स्थानी गेला. उमेदवारांची संख्या किती, यापेक्षा मते किती सारख्या प्रमाणात विभागली गेली, यावर मतविभागणीचा परिणाम अवलंबून असतो. त्यामुळे ‘अमुक उभा राहिला म्हणून आपण पडलो’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आकडे नीट वाचले पाहिजेत.

आंबेगावची १,५२३ मते

आंबेगावचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक बोचरे आहे. २०२४ मध्ये तिथे मुख्य लढत सरळ होती. एका बाजूला अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे दिलीप वळसे पाटील, दुसऱ्या बाजूला शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे देवदत्त निकम. निकम हे एकेकाळचे वळसे पाटलांचेच सहकारी, २०१४ मध्ये अखंड राष्ट्रवादीचे शिरूर लोकसभेचे उमेदवार. वळसे पाटलांना १,०६,८८८ मते मिळाली, निकम यांना १,०५,३६५. अंतर फक्त १,५२३ मतांचे. मतदानयंत्रावर मात्र देवदत्त निकम याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता आणि त्याच्या नावापुढे २,९६५ मते नोंदली गेली.

त्या अपक्षाच्या उमेदवारीमागे काय होते, याचा न्याय करण्याचे इथे प्रयोजन नाही. निवडणूक लढवण्याचा हक्क प्रत्येक पात्र नागरिकाला आहे आणि नाव ठेवणे कोणाच्या हातात नसते. मे २०२४ मध्ये समान नावाच्या उमेदवारांना आळा घालावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने ती ऐकण्यास नकार दिला. आई-वडिलांनी सारखे नाव ठेवले म्हणून कोणाचा उमेदवारीचा हक्क काढून घेता येणार नाही, असाच त्याचा आशय होता. तरीही गणित समजून घेतले पाहिजे. त्या २,९६५ मतदारांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे १,५२४ जणांनी नावाच्या सारखेपणामुळे चुकीचे बटण दाबले असेल, तर निकाल त्या चुकीने ठरला. तसे झाले नसेल, तर निकाल मतदारांच्या इच्छेनेच ठरला. मत गुप्त असल्याने यांपैकी खरे काय, हे कोणालाही कधीच कळणार नाही. विजयी आणि पराभूत, दोन्ही उमेदवारांच्या दृष्टीने ही अवस्था न्यायाची नाही. विजयावर निष्कारण संशयाची छाया राहते आणि पराभव पचवणे कठीण होते.

हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात नावाऐवजी चिन्हाचा घोळ झाला. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे चिन्ह होते आणि एका अपक्षाला ट्रम्पेट मिळाले होते, ज्याचे मराठी नावही तुतारीच होते. उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले, त्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. पक्ष कोणताही असो, आज एकाला बसलेला हा फटका उद्या दुसऱ्याला बसू शकतो.

बेरजेतील चूक

मतविभागणीच्या बेरजेत एक गृहीतक दडलेले असते. तिसऱ्या उमेदवाराची सगळी मते, तो उभा नसता तर, आपल्यालाच मिळाली असती, असे त्यात धरलेले असते. वस्तुत: तसे होत नाही. काही मते आपल्याकडे येतात, काही समोर जातात, काही मतदार घरीच राहतात. २०१९ च्या जुन्नरचेच उदाहरण घ्यावे. बुचके यांची ५० हजार मते सोनवणे आणि बेनके यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली असती, तर निकाल जराही बदलला नसता. तो बदलण्यासाठी ती साधारण साठास चाळीस या प्रमाणात सोनवणे यांच्याकडे झुकावी लागली असती. हे शक्य होते, कदाचित संभाव्यही होते. पण ते आपोआप घडणारे नव्हते. ज्या मतदारांनी पक्षाने डावललेल्या नेत्यासाठी मत दिले, त्यांच्या मनात त्या पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविषयी राग असणे स्वाभाविकच होते.

याउलट, कधी कधी ही बेरीज इतकी मोठी असते की ती नाकारणे अवघड होते. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या २,९३३ मतांनी हरले आणि मनसेच्या शिशिर शिंदे यांना १,९५,१४८ मते मिळाली. उत्तर मुंबईत राम नाईक ५,७७९ मतांनी हरले आणि मनसेच्या उमेदवाराला १,४७,५०२ मते पडली. त्या मतांपैकी अल्पसा अधिक वाटा मिळाला असता तरी दोन्ही निकाल फिरले असते. आणि दुसरे टोकही आहे. २०१९ मध्ये शिरूर लोकसभेत शिवाजीराव आढळराव पाटील ५८,४८३ मतांनी हरले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तिथे ३८,०७० मते होती. ती सगळी आढळरावांच्या पारड्यात टाकली तरी निकाल तोच राहतो. म्हणून प्रत्येक निकालाला तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याची मते फरकाहून अधिक आहेत का? असल्यास त्यांतील किती आपल्याकडे झुकण्याची खरी शक्यता होती? आणि ती आपल्याकडे का आली नाहीत? पहिले दोन प्रश्न गणिताचे आहेत. संघटनेची परीक्षा तिसऱ्या प्रश्नात असते.

२०२४ मधील जुन्नरच्या पश्चिम भागाचा विचार या दृष्टीने केला पाहिजे. लांडे यांच्या २२,४०१ मतांना ‘खाल्लेली मते’ म्हणणे सोपे आहे, कारण ती ६,६६४ च्या फरकाहून कितीतरी अधिक आहेत. परंतु कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, पिंपळगाव जोगे यांसारखी धरणे ज्या डोंगरकुशीत उभी राहिली, त्या परिसरातील मतदार आपल्या माणसाला मत देतो, तेव्हा तो कोणाच्या घरातील चोरी करत नसतो. मत ही कोणत्याही पक्षाची वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे. जे मत आपले कधी नव्हतेच, ते कोणी खाल्ले असे म्हणता येत नाही.

दोष कोठे शोधावा

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युवर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलेला सिद्धांत राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. ज्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, त्या पद्धतीत मतदार हळूहळू दोन प्रमुख पर्यायांकडे वळतात, कारण मत वाया जाऊ नये असे प्रत्येकाला वाटते. असे वळण्यासाठी पुढचे दोन कोण, हे मतदाराला आधी कळावे लागते. जुन्नरमध्ये पाच वजनदार उमेदवार उभे राहतात, तेव्हा ते कळणे अवघड होते. विजयी उमेदवाराला एकतृतीयांशाच्या आसपास मते मिळतात आणि दोनतृतीयांश मतदारांच्या वाट्याला निराशा येते.

ही स्थिती मतदाराने निर्माण केलेली नसते. ती मतदानाच्या पुष्कळ आधी, जागावाटपाच्या बैठकीत निर्माण होते. पाच वर्षे एका कार्यकर्त्याला ‘तयारीला लागा’ असे सांगायचे, शेवटच्या आठवड्यात जागा मित्रपक्षाला द्यायची आणि मग तो बंडखोर झाला म्हणून त्याला दोष द्यायचा, या क्रमात चूक कोठे सुरू झाली हे उघड आहे. बंडखोराची महत्त्वाकांक्षा हा दोष असेलच, पण शब्द न पाळणारे नेतृत्वही त्या दोषाचे भागीदार असते. अर्ज मागे घेण्याच्या अंतिम दिवसापर्यंत जे जमत नाही, ते मतदाराने मतदानकेंद्रात जमवून द्यावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

उलट, वेळेवर समजूत झाली तर काय घडते, हे महाराष्ट्राने १९५७ मध्ये अनुभवले आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघ असे परस्परांशी तीव्र मतभेद असलेले पक्ष एका प्रश्नासाठी एकत्र आले. काँग्रेसविरुद्ध एकास एक लढत देण्याचे सूत्र त्यांनी स्वीकारले आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का दिला. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर लोकसभेत गेले ते त्याच लाटेत. ती एकजूट लोकांना पटणाऱ्या ध्येयाभोवती आणि उमेदवारी अर्जापूर्वीच झालेली होती, हे विसरता कामा नये.

नियमांनी काय साधते?

जगात यावर काही तोडगे आहेत. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील तर अध्यक्षपदासाठी दुसरी फेरी होते. तरीही २००२ मध्ये डाव्या विचाराची मते अनेक उमेदवारांत विखुरल्याने पंतप्रधान जोस्पँ पहिल्याच फेरीत तिसरे आले आणि बाहेर पडले. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला, तेव्हा तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते होती. प्रगत म्हणवणाऱ्या लोकशाह्याही या प्रश्नापासून मुक्त नाहीत.

आपल्याकडे पसंतीक्रमाची पद्धत पुणे पदवीधर मतदारसंघात प्रत्यक्ष वापरात आहे आणि जुन्नर-आंबेगावच्या पदवीधरांनी ती अनुभवलेली आहे. तिथे मतदार १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. त्यामुळे आवडता पण दुबळा उमेदवार निवडल्याने मत वाया जात नाही. अर्थात दुसरी पसंती लिहिली तरच. विधानसभेसाठी ही पद्धत आणायची तर कायद्यात बदल करावा लागेल आणि लाखो मतदारांना ती शिकवावी लागेल. ते नजीकच्या काळात घडेल असे दिसत नाही.

छोटे नियम मात्र कामास येतात. १९९६ च्या लोकसभेला देशभर १३,९५२ उमेदवार होते. त्यानंतर अनामत रक्कम वाढवली, अपक्षांसाठी दहा सूचक आवश्यक केले आणि १९९८ मध्ये ही संख्या ४,७५० वर आली. समान नावाच्या उमेदवारांना व्यवसाय, गाव किंवा अन्य खूण जोडून वेगळे दाखवावे, असे निवडणूक नियमांत पूर्वीपासून आहे. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्रही छापले जाते. म्हणजे साधन उपलब्ध आहे. ते मतदारापर्यंत पोहोचवण्याचे काम उरते.

कार्यकर्त्याचे काम

ते काम निवडणुकीच्या आदल्या रात्री होत नाही. आंबेगावच्या निकालाने शिकवलेला पहिला धडा असा, की घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने उमेदवाराचे नुसते आडनाव सांगून भागत नाही. पूर्ण नाव, यंत्रावरील क्रमांक, चिन्ह आणि छायाचित्र ही चार गोष्टी वयोवृद्ध मतदाराला शांतपणे समजावल्या पाहिजेत. १,५२३ हा आकडा शेकडो मतदानकेंद्रांत वाटला तर प्रत्येक केंद्राच्या वाट्याला मोजकीच मते येतात. एका वस्तीत गेलेली एक संध्याकाळ तेवढ्याला पुरते.

दुसरा धडा जुन्नरचा. ‘त्याला मत म्हणजे समोरच्याला मत’ हे वाक्य ऐकवून मतदाराला घाबरवण्याची सवय सोडली पाहिजे. २०१४ आणि २०२४ मध्ये ज्यांनी ते वाक्य ऐकून अधिकृत उमेदवाराला मत दिले, त्यांनी प्रत्यक्षात मागे पडलेल्या उमेदवाराला मत दिले. मतदार सुज्ञ आहे. त्याला भीती घालण्यापेक्षा वस्तुस्थिती सांगावी : आपला उमेदवार कोण, त्याने काय केले, लढत नेमकी कोणात आहे. निर्णय त्याच्यावर सोपवावा.

तिसरा धडा संघटनेसाठी आहे. तिसऱ्या उमेदवाराकडे गेलेले मत हा बहुतेक वेळा कोणत्या तरी दुर्लक्षित वाडीचा, डावललेल्या कार्यकर्त्याचा किंवा पाण्याविना राहिलेल्या शेताचा निरोप असतो. निकालानंतर त्या वस्तीत जो जाईल आणि ‘तुम्ही आम्हाला मत का दिले नाही?’ असे न विचारता ‘तुमचे काय राहिले?’ असे विचारील, त्याला पुढच्या वेळी बेरीज मांडण्याची गरज भासणार नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत तर काही डझन मतांवर निकाल लागतात. तिथे हे काम अर्ज भरण्याच्या तारखेआधी काही वर्षे सुरू व्हावे लागते. जुन्नरच्या पश्चिमेकडील त्या २२,४०१ मतदारांकडे निकालानंतर कोण कोण जाऊन आले, हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याने स्वत:च्या गावात विचारून पाहण्यासारखा आहे.